सर्दी

नोव्हेंबरपासून मी कुणाचा हात हातात घेतलेला नाही.
कोपराला कोपर लावते, हसते,
खिशातल्या बाटलीतलं जंतुनाशक तळव्यांवर चोळते.
विमानात मागे कुणी शिंकलं
की मनातल्या मनात वार मोजते:
आज मंगळवार, घसा शुक्रवारी धरेल,
शर्यत शनिवारी.

एन्डेल ट्रकमध्ये राहतो म्हटलं तरी चालेल.
माझ्या नावाच्या बावीस जोड्या तिथे भिंतीला टेकून उभ्या.
मी त्यांना आकड्यांनी ओळखते, तो स्वभावानं.
"सतरा ओल्या बर्फात रुसते.
नऊ म्हातारी झालीय, पण उणे बारात अजून पोरीसारखी पळते."
पहाटे चारला तो बर्फात थर्मामीटर खोचतो,
मेण लावतो, इस्त्री फिरवतो, खरवडतो, पुन्हा लावतो.
माझ्याविषयी इतकं तो कधी बोललेला नाही.

कुठल्या रात्री कुठे झोपणार
हे मी तीन-तीन महिने आधी कळवून ठेवते.
म्हणून दावोसला सकाळी सहाला दारावर टकटक.
बाई ओळखपत्र दाखवते, माफी मागते,
आणि बाटली भरेपर्यंत समोर उभी राहते.
आम्ही तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याविषयी बोललो.
या हिवाळ्यात माझ्या इतक्या जवळ
दुसरं कुणी उभं राहिलेलं नाही.

नाताळात तीन दिवस घरी. व्होरूच्या पुढे, तळ्याकाठी.
लेलोनं फाटकातच हात वर केला:
"थांब. मिर्तेलचं नाक वाहतंय."
मग मी सौनाच्या बाहेरच्या खोलीत उतरले.
आईनं ताट पायरीवर ठेवलं आणि चार पावलं मागे सरकली.
बटाटे, आंबवलेला कोबी, वाफ.
आमच्या खेळाचंही एक सोवळं आहे,
मार्चपर्यंत ते सुटत नाही.
खिडकीच्या काचेला नाक दाबून
चार वर्षांची भाची मला बघत होती,
काचेवर तिच्या नाकाचा ओला ठसा.
मी बाहेरून हातमोजा टेकवला.
तिनं जीभ काढली.
मीही काढली.

शर्यतीत मात्र नाक सगळ्यांचंच वाहतं.
तिसऱ्या चढावर लाळ हनुवटीवर गोठते,
तोंडात लोखंडाची चव,
कडेला कुणीतरी ओरडतं, "सात सेकंद! सात!"
आणि मला कळत नाही
मी सात पुढे आहे की सात मागे,
की सात हे फक्त कुणाचं तरी वय आहे.
सतरा नंबरची जोडी पायाखाली घसरते, धरत नाही,
मी हातांनी चढते, काठ्यांनी, दातांनी.
रेषेपलीकडे सगळ्याच कोसळतात.
एक कझाक मुलगी माझ्या स्कीवर आडवी पडली,
तिचा श्वास माझ्या कानात, गरम, आंबट,
आणि आम्ही दोघी बराच वेळ उठलो नाही.
उठायला काही हरकत नव्हती.

एक्केचाळिसावी.
एन्डेल ट्रकच्या पायरीवर बसून म्हणाला,
"सतरा द्यायला नको होती. चूक माझी."
चूक स्कीची नव्हती.
त्यालाही माहीत होतं.
त्यानं मला चहा ओतला,
कपाच्या काठाला मेणाचा वास.

मार्चच्या शेवटी बस मला फाट्यावर सोडते.
तळ्यावरचा बर्फ करडा, सच्छिद्र, कुजत चाललेला,
रस्ता म्हणजे नुसता चिखल,
आणि बॅगेत स्की नाहीत म्हणून
एक खांदा सारखा वर जातोय.
फाटकाशी मिर्तेल. नाक पुन्हा वाहतंय.
लेलोचा हात सवयीनं वर येऊ लागला.
तोवर मी तिला उचललं होतं.
आता तिचं वजन वाढलंय.
तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं,
नाक पुसलं, डावीकडे, मग उजवीकडे,
नीट, वेळ घेऊन.

गुरुवारी माझा घसा धरला.
मी कुणालाच कळवलं नाही.