तीन तास दहा मिनिटं

पत्र दादाच्या नावानं आलं.
श्री. अरविंद त्र्यंबक टिपणीस, दांडिया बाजार, वडोदरा.
विषय: पार्किंगचा दंड, रुपये पाचशे, सात दिवसांत.

स्कूटर अजून त्याच्याच नावावर आहे.
आर.टी.ओ.त जायचं जायचं म्हणत
दोन दिवाळ्या गेल्या.

अलकापुरीतल्या त्या आर्केडच्या तळघरात
गाडी लावली होती मी.
वर चष्म्याची दांडी बसवायची होती.
पोरगा म्हणाला, अर्धा तास.
मग काच निसटली, मग तो जेवायला गेला,
मग जेवून आला.
तीन तास दहा मिनिटं.
फुकट फक्त तीन तास, असं म्हणे फलकावर लिहिलंय.
फलक खांबाच्या मागे,
अक्षरं मोहरीएवढी,
आणि माझा चष्मा वर, टेबलावर, दोन तुकड्यांत.

"बेन, बोर्ड तो मारेलुं छे,"
गळ्यात शिटी अडकवलेला हितेश म्हणाला.
मारलंय खरं, मी म्हटलं,
पण पाठीमागून.

खालच्या मजल्यावरच्या कर्णिक वकिलांनी पत्र उजेडात धरलं.
दंड हा सरकारचा शब्द, म्हणाले.
यांनी फार तर नुकसान मागावं,
तेही झालं असेल तर, दाखवता आलं तर.
आणि करार म्हणायचा तर
तुमचा होकार कुठंय?
चहा प्याले. फी घेतली नाही.
चपला घालताना म्हणाले,
पाचशेच आहेत, देऊन टाका ना.

काय नुकसान झालं असेल दहा मिनिटांत?
सहा बाय अडीच फूट अंधार
मी जास्तीचा वापरला.
शेजारी अकरा जागा रिकाम्या होत्या.
रिकामं चष्म्याशिवायही दिसतं.

दादाला हे प्रकरण फार आवडलं असतं.
वीज कंपनीकडून पस्तीस पैशांचा चेक
नऊ पत्रं लिहून मिळवला होता त्यानं,
आणि वटवला नाही.
अजून आहे लोखंडी कपाटात,
त्याच्या मृत्यूच्या दाखल्याला चिकटून.

दुसरं पत्र: दंड हजार, अंतिम सूचना.
तिसरं: अंतिम सूचना, या वेळी लाल शाईत.
चौथं: न्यायालयात जातीनं हजर राहावं लागेल.

मी उत्तर लिहिलं, त्याच्याच पद्धतीनं,
समास सोडून, मुद्द्यांना आकडे घालून.
मुद्दा पाच:
सदर इसम हल्ली या पत्त्यावर राहत नाहीत.
आपण त्यांना जातीनं हजर करू शकत असाल
तर तारीख अवश्य कळवावी.
मी वेळेआधी येऊन बसेन.
रजिस्टर्ड पोस्टानं, पोचपावतीसह.

मधे एकदा जाऊन हितेशला विचारून आले,
तुझ्या पगारातून तर कापले नाहीत ना?
नाही, म्हणाला, दुसऱ्याच गाडीकडे बघत.
दहा रुपये दिले आणि सवयीनं पावती मागितली.
पावतीपुस्तक साहेबांकडे असतं म्हणे.

पोचपावती आली, कुणाची तरी तिरकी सही.
पाचवं पत्र आलं नाही.
कर्णिक म्हणतात, आता यायचं नाही,
जिंकलात तुम्ही.

नाव बदलायचा फॉर्म ड्रॉवरमध्येच आहे.
पेनही त्याच्यावर ठेवलंय.
पण प्रकरण चालू असताना
मधेच नाव बदललेलं
बरं दिसत नाही.