तेरा सुया

आधी नुसती नखं घासायची फरशीवर,
खर्र, खर्र,
बत्ताशा रात्री पाणी प्यायला उठला की
घरभर कळायचं.
मग पाऊलच उलटं पडायला लागलं,
आणि त्याचा त्यालाच पत्ता नाही.

दर गुरुवारी जेल रोडवरून गंगापूर रोडला,
अफजलच्या रिक्षात.
सीटवर तो आपणहून गोणपाट अंथरतो,
द्वारकेच्या खड्ड्यांना
बत्ताशाच्या वतीने शिव्या घालतो.

डॉक्टर गायधनी जमिनीवरच मांडी घालून बसतात.
त्यांनी सुई दाखवली. मी चष्मा वर केला.
एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
रेघ न् रेघ तपासलेला माणूस मी,
शाई कुठे सुटली, कुठे फाकली.
एवढी बारीक रेघ
माझ्या टेबलावर कधी आली नव्हती.

मणक्याच्या दोन्ही अंगांना चार-चार,
गुडघ्यांमागे एकेक, पंजांत एकेक,
आणि एक शेपटीच्या मुळाशी.
"मोजू नका हो काका," त्या म्हणाल्या.
पण अंगठा आपोआप चालतो माझा.

कातडी एकदा शहारली, माशी बसावी तशी.
मग माझ्या चपलेवर हनुवटी टेकून
साळिंदर घोरायला लागलं.
वीस मिनिटं
त्याच्या श्वासाबरोबर तेरा सुया वर-खाली,
आणि मी, चप्पल अडकलेला, जागच्या जागी.

"पूर्वीसारखा धावेल का?"
"नाही," त्या म्हणाल्या. "पण दुखणं कमी होईल."
असं सरळ उत्तर
मला बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नव्हतं.

शेजारचे सपकाळे म्हणाले, कुत्र्याचे लाड!
शशिकला म्हणाली,
"माझ्या गुडघ्याला तीन वर्षं बामच आणलात."
भाजी निवडत म्हणाली, हसत म्हणाली.
मी पंख्याचा वेग उगाच वाढवला.

आठव्या गुरुवारी, परत आल्यावर,
फाटकापाशी
बत्ताशाने सपकाळ्यांच्या ॲक्टिव्हाचं मागचं चाक हुंगलं
आणि पाय वर केला.
एक. दोन. तीन.
मग बसकण मारली तिथेच, ओल्यात.
अफजलने मीटर बंद करायचं सोडून
आभाळाकडे बघितलं.

वर बाल्कनीत शशिकला उभी होती.
खाली आली नाही. अठरा पायऱ्या आहेत,
ती बघून मोजते, मग उतरते
किंवा उतरत नाही.

तिथे माणसांना सुया टोचत नाहीत,
ठाऊक आहे मला.
तरी अफजलला विचारलं,
पुढच्या गुरुवारी तिघं मावू का?
म्हणाला, गोणपाट धुऊन आणतो.