कारणाचा रकाना

अर्जावर कारणाचा रकाना दीड इंचाचा.
त्यात मी लिहिलं: आईचं लग्न.
बोरस्ते साहेबांनी चष्मा कपाळावर नेला,
पेन काढलं आणि माझ्याच अर्जावर
'आईचं' खोडून 'बहिणीचं' केलं,
शुद्धलेखनाची चूक सुधारावी तसं, मायेनं.

सर, मला बहीण नाही.

प्रेस शॉपचा आवाज काचेतून आत येत होता,
दर चार सेकंदांना एक धप्प.
सात-आठ धप्प होईस्तोवर ते बोलले नाहीत.
मग म्हणाले, पगारे, वडील?
म्हटलं, मी सहावीत असताना.
त्यांनी कॅलेंडर उलटलं.
एकोणीसला जर्मनीचा लॉट निघायचाय,
तीन हजार रिले, टेस्टिंगला तुम्ही दोघीच,
तिथी तरी बघायची की नाही घरच्यांनी?

तिथी नव्हतीच. नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी
मोकळी होती ती तारीख दिली.

आता त्यांना कसं सांगू
की आई बावन्न वर्षांची आहे,
अशोकनगरच्या शाळेत खिचडी शिजवते,
सोळा वर्षांत एक सुट्टी तिनं
स्वतःच्या नावावर घेतली नाही;
घेतल्या त्या माझ्या काविळीच्या, माझ्या दहावीच्या,
नळाला पाणी न आलेल्या दिवसांच्या.
की ते निवृत्ती गांगुर्डे,
नावानं जन्मापासून, नोकरीतून मार्चपासून,
पंचवटी डेपोत एसटीची इंजिनं उघडायचे,
एका रविवारी शाळेचा मिक्सर बघायला आले
आणि मग तो मिक्सर
फारच वेळा बिघडू लागला.
की मामानं गणपतीपासून फोन उचललेला नाही.
की आईनं मला विचारलं ते भांडी घासता घासता, पाठमोरी,
जणू माझ्याकडे रजाच मागत होती:
तुला चालेल का गं?
आणि मला हो म्हणायला दोन दिवस लागले.

बोरस्ते साहेबांना तर अजून
दोन मिनिटंही झाली नव्हती.

शेवटी हाफ डे मिळाला.
एक वाजता हजर, आणि रात्री आठपर्यंत थांबायचं.
रेश्मा शेख म्हणाली, जा, तुझे शंभर पीस मी ओढते,
पण रिकाम्या हातानं येऊ नकोस.
साहेबांनी 'बहिणीचं' पुन्हा खोडलं,
रकान्यात जागा उरली नव्हती म्हणून समासात
बारीक अक्षरात लिहिलं: इतर.
सही केली.
मी दाराशी पोचल्यावर मागून म्हणाले,
हार फूलबाजारातून घ्या,
कॉलेज रोडला दुप्पट लावतात.

आदल्या रात्री आई मेंदीला नको म्हणाली, लाजली,
आणि अख्खा कोन माझ्याच हातांवर संपवून टाकला.
सकाळी अबोली साडी नेसली,
पदराला तीन वेळा पिन लावली, तीन वेळा काढली.
साक्षीदाराच्या जागी मी सही केली.
वधूशी नातं: मुलगी.
बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही, शिक्का मारला.
बाहेर काकांची स्कूटर सुरू होईना.
एवढा एसटीचा मेकॅनिक,
गळ्यात हार, हातात प्लग,
आणि आई फुटपाथवर उभी राहून हसत होती,
तोंडावर हात न ठेवता.

पाऊणला मी अंबडच्या गेटवर, जिलेबीचा डबा कडेला धरून.
मशीन माझा अंगठा घेईना.
मेंदी. तीनदा लाल दिवा.
वॉचमन खैरनारांनी जाड रजिस्टर पुढं ढकललं:
नाव, टोकन नंबर, वेळ, बाहेर जाण्याचं कारण.
इथं रकाना चांगला ऐसपैस होता.
मी सावकाश लिहिलं, काना-मात्रा बघून:
आईचं लग्न होतं.

त्यांनी ते उलट्या बाजूनं वाचलं, ओठ हलवत.
झालं का?
झालं.
मग जा पटकन, म्हणाले, लॉट थांबलाय.
आणि डब्याचं झाकण जरा उचलून बघितलं.