ज्युली म्हणून आणलेली

कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात
पिशवीत हवा भरून रबरबँड गुंडाळता गुंडाळता
तो मुलगा म्हणाला, ज्युली आहेत मॅडम, अस्सल.
सहा घेतल्या. विक्रोळीपर्यंत रिक्षात
पिशवी मांडीवर, खड्ड्याखड्ड्याला मीच वर उचललेली.

घरी भिंग लावलं.
डोक्यावर सुटे ठिपके नव्हतेच.
ठिपक्यातून ठिपका ओढत नेलेली नागमोडी नक्षी,
बोरू न उचलता लिहिलेल्या मोडीसारखी,
आणि कुशीवरून शेपटीकडे काळी रेघ.
म्हणजे त्रिरेखी.
खरी ज्युली बाजारात क्वचित येते म्हणतात,
तिचं नाव तेवढं येतं.

राग नाही आला.
शाळेत मी मंदाकिनी म्हणून छड्या खाल्ल्यात,
आणि पाठांतराचा माझा पेला
अजून मंदाच्या शोकेसमध्ये आहे.

टाकीच्या तळाला आधी रंगीत खडी होती.
ती उपसली, मिशा झिजतात त्यांच्या.
बारीक वाळू आणली, तांदळासारखी सात पाण्यांतून काढली.
आता डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतात,
घास घेतात, कल्ल्यांतून वाळू सोडून देतात,
सूप धरलेल्या बाईच्या सवयीनं.

दाराशी टोपली उतरवून चांगुणाबाय आत डोकावली.
"गो बाय, ही तं शिंगाल्याची पोरां!
काटा लागला का रातभर ठनकंल."
खरंच, जाळीत घेतलं की काटे ताठ करून अडकून बसतात.
मी वाटीनं उचलते.
"मोटी कवा व्हनार?"
नाही होणार गं, एवढीच.
तिनं बोंबलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भाव सांगितला.

पंडा कुणालाही ओळखू येतो, डोळ्यांवर काळी पट्टी.
स्टर्बायच्या छातीशी केशरी काटा, डोक्यावर पांढरे थेंब.
ब्राँझला खूण म्हणून काहीच नाही,
नळावरच्या जुन्या तांब्याचा रंग फक्त.
पिग्मी तर तळ सोडून मध्येच तरंगतात,
आपण कोणत्या घरचे ते विसरल्यासारख्या.

पण त्या सहाजणी?
महिनाभर भिंगाचा उपयोग झाला नाही.
मग आईची आठवण झाली. ती आम्हाला
काळोखात खोकल्यावरून ओळखायची,
उजेडात मात्र तीही चुकायची.

भिंग ठेवलं. नुसती बसून राहिले.
एकजण हवेसाठी सुसाट वर जाते,
घोट घेऊन खाली, की लगेच तिच्या मागून चौघी.
सहावी जात नाही. ती थोड्या वेळानं जाते,
कुणी बघत नाहीसं पाहून.
एक पानावर टेकून झोपते.
एक डोळा खाली फिरवते, डोळा मारल्यासारखा,
सगळ्याच फिरवतात, पण ही माझ्याकडे बघून.
असं मला वाटतं.

मे महिन्यात पाणी बत्तिशीला गेलं तेव्हा
बर्फाची बाटली तरंगत ठेवली,
पाव टाकी गार पाणी बदललं.
त्यांना काय वाटलं कोण जाणे, कुठल्या डोंगरात पूर आला.
सकाळी काचेवर साबुदाण्याएवढी अंडी,
आणि ती सहावी, उशिरा जाणारी,
पोटाखालच्या परांच्या ओंजळीत आणखी दोन घेऊन
जागा शोधत फिरत होती.
काच चोखून बघायची, पुढे जायची.

मंदा त्या रविवारी आली. चार वर्षांनी.
खाली वॉचमन तिला म्हणाला म्हणे,
अलकाताई, केस कधी कापले?
हसत हसत वर आली, चप्पल काढायच्या आधी
टाकीपाशी वाकली.
"अगं, सगळ्या सारख्याच की!"

मी भिंग दिलं नाही. खुर्ची सरकवली.
थोड्या वेळानं ती खोकली.
मी स्वयंपाकघरात होते, पाठमोरी,
गॅस बारीक केला.