मानस

पाचव्या आवृत्तीची प्रुफं फोंड्याच्या छापखान्यात
माझ्या टेबलावर आली, तेव्हा
आगशीकरांना जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती
आणि त्यांच्या दीडशे पानांवर
एकशे नव्वद पानांच्या प्रस्तावना चढल्या होत्या.

वाद सगळा एका वाक्याचा. पान त्रेसष्ट:
'गावाचे मानस भरतीला मिटते, ओहोटीला उघडते.'

डॉ. वेर्लेकरांनी ह्यावर आयुष्य काढलं.
सामूहिक मन, म्हणाले.
परकं सरकार आलं, बघा, गाव कसं आतल्या आत मिटलं.
पोरं परीक्षेत तेच लिहीत राहिली.

मग लूर्दिस मेस्किता. तिनं वेर्लेकरांना उभं चिरलं:
मन कुणाचं? जोण घेणाऱ्या गांवकारांचं.
बांधावर चिखल चढवणाऱ्या बायांना
ह्या वाक्यात जागा कुठे?
मी मागच्या बाकावर होते. टाळी वाजवली होती.

आता हा गांवस, तिशीही न गाठलेला.
म्हणतो, मन नव्हेच; मिटणं आणि उघडणं.
वाक्यात हात कुणाचाच नाही, ते बघा.
(चांगलं लिहितो. स्वल्पविराम तेवढे देत नाही.)

मी दुर्भाटची.
आमच्याकडे मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं दार.
लाकडाचं. बाप पावणीत घ्यायचा,
रात्री कंदील, खाली जाळं, सुंगटं, एखादी कुर्ली.
भरती ढकलते, मिटतं. ओहोटी ओढते, उघडतं.
खारं बाहेर राहतं म्हणून कोरगुट पिकतं.
इतकंच.

इतकंच समासात लिहायला पेन्सिल उचलली,
आणि थांबले.
आगशीकरही खाजनाकाठचेच.
दोन्ही शब्द त्यांना ठाऊक असणार.
कापणी झाली की बाप मुद्दाम खारं आत घ्यायचा,
तण मरतं म्हणायचा.
त्यांनीही तसंच काही केलं असेल तर?
मेलेल्या माणसाला विचारायचं कसं?

संध्याकाळी मालकाचा फोन: त्रेसष्टवर काही आहे?

बांध फुटून सहा वर्षं झाली.
दार अजून उभं आहे, दोन्हीकडे सारखंच पाणी,
वर एक बगळा.
ढकलायला कुणी नाही, ओढायला कुणी नाही.

काही नाही, म्हटलं.
असलीच चूक तर क्रियापदाच्या काळाची आहे,
आणि ती त्यांची नव्हे.

मग गांवसाचे स्वल्पविराम घालत बसले.