सकाळी आठचं स्टॅटिक्स

होटनमध्ये डिसेंबरात सकाळी आठला अंधारच असतो.
बर्फ ढकलणारी गाडी नुकतीच गेलेली,
रस्त्याच्या कडेला खांद्याएवढी पांढरी भिंत.
चौऱ्याहत्तर मुलं बूट आपटत आत येतात,
बाकांखाली डबकी साचतात,
आणि मी फळ्यावर एक तुळई काढते.
एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला रूळ.
एकोणीस वर्षं हीच तुळई.

पहिली गोष्ट सांगते: आधार पुसा.
पुसा म्हणजे विसरा नव्हे.
जिथे भिंत होती तिथे भिंतीचा रेटा लिहा,
जिथे दोर होता तिथे ओढ.
जगापासून कापून काढलेली वस्तू
आणि तिच्या अंगात बाणच बाण,
हिला फ्री बॉडी म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वर्गात मोठ्याने हसले होते.
मोकळं अंग म्हणे!

सगळ्या बाणांची बेरीज शून्य आली
की वस्तू जागची हलत नाही.
दरवर्षी कुणीतरी विचारतंच,
"सगळं शून्य, तर मग जोर गेला कुठे?"
आत, मी म्हणते.
ते पुढच्या वर्षी शिकवतात.

यंदा विभागप्रमुखांनी आणखी एक विषय पदरात टाकला:
लीडरशिप आणि उद्योजकता, शेवटच्या वर्षाला,
गुरुवारी दुपारी.
चाकांच्या खुर्च्या, काचेवर रंगीत चिठ्ठ्या.
पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'व्हिजन' अकरा वेळा.
मोजलं मी. मोजणं हाच तर माझा धंदा.

त्या वर्गात आयली निएमी होती,
लेक लिंडनची, स्टॅटिक्सला माझ्याकडे एकदा नापास झालेली.
छपरावरचा बर्फ खाली उभं राहून ओढायचं
लांब दांड्याचं अवजार तिनं बनवलं होतं.
डेट्रॉइटहून तीन परीक्षक आले, पायांत शहरी बूट.
एकाने विचारलं, "मार्केट केवढं?"

तिची स्लाइड तयार होती. तिनं ती लावली नाही.
खडू मागितला.
(त्या खोलीत खडू नसतो. माझ्या कोटाच्या खिशात होता.)
काचेवरच्या चिठ्ठ्या बाजूला सारून तिनं छप्पर काढलं,
खालच्या भिंती पुसल्या, बाण लावले.
ओला बर्फ, तीन फूट:
चौरस फुटाला साठ पाउंड.
मग वळचणीला एक शिडी,
शिडीवर एक छोटा बाण, खाली जाणारा.
"हे माझे बाबा. एकशे ऐंशी पाउंड.
इथली बेरीज शून्य आली नाही."

हीटरचा आवाज ऐकू येत होता.

पहिलं बक्षीस पार्किंग शोधणाऱ्या ॲपला मिळालं.
आयलीला तिसरं, दोनशे डॉलर,
रबरी मुठींपुरते.

रात्री गुणपत्रिका घेऊन बसले.
नेतृत्व: पाचपैकी किती?
इचलकरंजीत माझे वडील मागावर जॉबर होते.
बिघडलेल्या मागाच्या सांगाड्यावर नुसता तळवा ठेवायचे,
मग डोळे न उघडता म्हणायचे, डावीकडचा, खालून दुसरा.
पान्हा आणायला तीन माणसं एकदम धावायची.
त्यांना कुणी लीडर म्हटलं नाही.
जेवणाच्या सुट्टीत मात्र ते बसल्याशिवाय
कुणी डबा उघडत नसे.
याचे गुण कोणत्या रकान्यात लिहायचे?

रकाना अजून कोरा आहे. शुक्रवारपर्यंत मुदत.
अवजाराचा एक नमुना माझ्या पडवीत उभा आहे.
काल वापरून पाहिला, अर्धं छप्पर मोकळं झालं,
मानेत बर्फही गेला.
मूठ जरा सैल वाटते.
पान्हा हाताशीच होता,
पण बोल्ट मी आवळला नाही.
आधी तिला कळवलं.