अनुभव : निरंक

फॉर्मवरच्या चौकोनात मी लिहिलं, निरंक.
भदौरिया साहेबांनी विचारलं,
ये कौन सा हॉस्पिटल है?

थाटीपूर. पोस्टाच्या वर दुसरा मजला.
बंद खिडकीतूनही आत येणारा डिसेंबर.
बाहेरच्या बाकावर अकरा जण,
त्यातल्या नऊ जणांच्या मांडीवर फायली.
माझ्याकडे गॅस एजन्सीचं पत्र,
मालकांनी अडीच ओळींत संपवलेलं :
मुलगा वेळेवर येतो. सुट्टे बरोबर देतो.
उरलेल्या अर्ध्या ओळीत सही.

काल रात्री बिपिनने बजावलं होतं,
सहा महिने नर्सिंग होम म्हण, कोण बघतंय,
आणि सेवाभाव हा शब्द दोनदा तरी येऊ दे.
मी आरशासमोर सेवाभाव म्हणून पाहिलं.
दुसऱ्यांदा म्हणताना हसू आलं
आणि आईने आतून विचारलं, काय झालं रे?

तेव्हा मी सांगितलं ते एवढंच :
चार वर्षं सिलिंडर पोचवतो.
भरलेलं तीस किलोच्या आसपास.
दाल बाजारात ट्रक मागे घेत असले
तर कुठली बोळ आरपार जाते
आणि कुठली कुणाच्या मोरीपाशी संपते, ठाऊक आहे.
चिटणीसांच्या गोठीत कुणाचा जिना
सातव्या पायरीला खचलाय, तेही.
कुठल्या दाराशी एकदाच बेल वाजवायची
आणि थांबायचं,
कारण आतून कुणीतरी वॉकर घेऊन
निघालेलं असतं.

साहेब म्हणाले, पर पेशंट सिलिंडर नहीं होता.
नाही होत, मी म्हणालो.
पुढचं काही सुचलं नाही.

सिस्टर लकडा इतका वेळ कोपऱ्यात,
स्वेटरच्या बाहीत रुमाल खोचून.
रक्त पाहिलंय का, तिने हिंदीत विचारलं.
कोंबडीचं. आणि एकदा स्वतःचं,
पत्र्याने अंगठा कापला तेव्हा.
चक्कर आली होती?
आली होती.
(बिपिन, माफ कर.)
मग?
मग पायरीवर बसलो.
मग उरलेली तीन घरं केली.

गाडीत कुणी गेलं तर?
माहीत नाही, म्हणालो.
तिने कागदावर काहीतरी लिहिलं,
एका शब्दाहून जास्त, एका ओळीहून कमी.
मला उलटं वाचता येत नाही.

मग ती उठली. म्हणाली, साहेबांना खाली न्या.
खुर्चीसकट. ड्रायव्हर पायांकडे, हा डोक्याकडे.
भदौरिया साहेब, असतील नव्वद किलो,
आधी हसले,
मग दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली
आणि एकदम कुणाचे तरी वडील दिसायला लागले.

जिना अरुंद, भिंतीला ओल.
वळणावर माझ्या तोंडून सवयीने निघालं,
वळतोय हं, उजवीकडे.
मराठीत.
जिन्यात खेळणाऱ्या पोरांसाठी म्हणतो मी हे,
रोज पन्नासदा.
साहेबांना शब्द कळले असतील नसतील,
पण त्यांनी कोपर आत घेतलं.

खाली पोस्टाची रांग बाजूला झाली.
एकाने टोपी काढून हातात घेतली.
एकाने विचारलं, क्या हुआ इनको?
कुछ नहीं, साहेब म्हणाले, इंटरव्ह्यू है.

कळवू, म्हणाले.
अकराही जणांना तेच म्हणाले.

संध्याकाळी जीवाजीगंज, तिसरा मजला,
खांद्यावर शेवटचं सिलिंडर.
थंडीने पोरं घरात गेलेली, जिना रिकामा.
पहिल्या वळणाशी थांबलो.
वळतोय हं, म्हणालो,
जरा हळू, उजवीकडे.

वरून दार उघडल्याचा आवाज,
आणि बाईंचा :
किती जण आहात रे?